जि. पूर्व खानदेश

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी एरवी टाळतो. पुण्यात राहायला आल्याला बावीस वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत नाहीतर सोसायटीच्या मीटिंगनंतर कुणीतरी विचारतंच: तुम्ही खान्देशी म्हणवता, पण हा खान्देश आहे तरी कुठे? जिल्ह्यांच्या यादीत नाही, नकाशात नाही. आणि तुमची ती बोली, ती मराठी धरायची की गुजराती? मी "जळगावकडचे हो" एवढं म्हणतो आणि भात वाढून घेतो. परवा तुम्ही मात्र त्याला पुढचं शेपूट जोडलंत: हे प्रदेश काय आणि हा देश काय, शेवटी इंग्रजांनीच आखलेलं ना सगळं? आता याला भात वाढून घेऊन भागत नाही.

कागदापासून सुरू करतो. मुलीच्या जातपडताळणीसाठी माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागला. ट्रंकेच्या तळाशी मेणकापडात गुंडाळलेला, घडीवर फाटलेला कागद. त्यावर टाकाने लिहिलेलं: मु. धरणगाव, ता. एरंडोल, जि. पूर्व खानदेश. खिडकीतल्या माणसाने तो उलटासुलटा केला, कॉम्प्युटरवरची यादी खालीवर केली आणि म्हणाला, "काका, असा जिल्हाच नाहीये. दुरुस्त करून आणा." आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झालेली. दुरुस्ती कुणाकडून आणायची?

तीन हेलपाटे झाले. बाकड्यावर बसून दुसरं काम नव्हतं, म्हणून मी आमच्या घराच्या पत्त्यांचा हिशेब मांडला. पणजोबा जन्मले तेव्हा घर मुंबई इलाख्यातल्या खानदेश जिल्ह्यात होतं. १९०६ साली इंग्रजांनी त्या अवाढव्य जिल्ह्याचे दोन तुकडे केले, पश्चिम खानदेश धुळ्याहून आणि पूर्व खानदेश जळगावहून चालवायला घेतला. आजोबा पूर्व खानदेशात शिकले. मग १९५६ चं द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० चा महाराष्ट्र, आणि पूर्व खानदेशचा झाला जळगाव. पुढे माझ्या देखत एरंडोल तालुक्यातून धरणगाव तालुका वेगळा निघाला. ओट्याचा दगडसुद्धा हलला नाही आणि पत्ता बदलतच राहिला.

बरं, मूळ नाव तरी कुणी दिलं? कुणी कान्हदेश सांगतं, कुणी यादवांच्या सेऊणदेशाशी धागा जोडतं. मला पटतो तो फारुकींचा. १३७० च्या सुमारास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. दिल्ली ढिली पडल्यावर त्याने स्वतःचं राज्य केलं, तेच फारुकी घराणं. त्याचा मुलगा नासीर, त्याला गुजरातच्या सुलतानाकडून ‘खान’ किताब मिळाला, आणि खानांचा तो खानदेश. १६०१ मध्ये अकबराने बऱ्हाणपूरजवळचा त्यांचा असीरगड घेतला तेव्हा शहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ म्हणायचा हुकूम निघाला. ते नाव टिकलं नाही. बाजारात रुळलेलं नाव बादशहालाही बदलता आलं नाही, याची मला शाळकरी वयापासून मजा वाटत आली आहे.

पण नाव हे वरचं लेबल. खाली आहे ती वाट.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून तापी. महाराष्ट्रातल्या गोदा, भीमा, कृष्णा सगळ्या पूर्वेकडे जातात, आमची तापी मात्र पश्चिमेकडे, सुरतेला. त्यामुळे आमचं तोंड कायम तिकडेच. बैलगाडी सुरतेहून निघाली की नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर करत बऱ्हाणपूर, आणि तिथून असीरगडाच्या पायथ्याने वर माळव्यात, आग्र्यापर्यंत. दख्खनेतून येणारा दुसरा रस्ता डोंगरातल्या घाटांनी उतरून या वाटेला छेद द्यायचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात भडोचहून पैठण वीस दिवसांवर असल्याचं लिहिलं आहे. आणि चाळीसगावच्या वरच्या डोंगरात पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका अत्तरवाल्याने खांब दान दिल्याचं कोरलेलं आहे. अत्तरवाला काही यात्रेला म्हणून एवढ्या आडरानात पोचला नसावा.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी. तिथे माझा जीव अडकलेला आहे, तेव्हा जरा थांबतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ, ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि बाकीचे, शिकवायला पाटणला मठ काढला. शके ११२८ चा तो शिलालेख, इसवी सनाच्या १२०७ च्या आसपासचा. आमचे लोक त्याबद्दल बोलताना गणितावर बोलतात, शून्यावर बोलतात, छाती फुगवतात. मला त्यातला शेवटचा, जुन्या मराठीतला भाग आवडतो, कारण तिथे पैशाची गोष्ट आहे. मठ चालणार कशावर? तर या पाटणच्या पेठेत जे ‘केणें’ उघडेल, म्हणजे विक्रीचा माल सुटेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. शिवाय सुपाऱ्या. शिवाय घाण्यामागे पळीभर तेल.

पळीभर तेल! इथल्या निकुंभ घराण्यातला मांडलिक सोइदेव विद्येला देणगी देतो, ती स्वतःच्या खजिन्यातून काढून नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या मालावरचा आपला हिस्सा तिकडे वळवून. विद्यार्थ्याच्या दिव्यातलं तेल तेल्याच्या घाण्यातून आणि गुरुजींचं पोट बाजाराच्या जकातीतून. राज्य म्हणजे काय हे मला पाठ्यपुस्तकातल्या सनावळ्यांपेक्षा या पळीने जास्त समजावलं. वाट आधी, मग पेठ, मग पेठेवर हात ठेवणारा राजा, आणि राजा बरा असेल तर मठ.

फारुकींनी हेच दोनशे वर्षं केलं. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला माळवा, खाली बहमनी आणि नंतर अहमदनगर. या तीन रेड्यांच्या मधे हे चिमुकलं राज्य तगलं ते मुली देऊन-घेऊन, कधी याच्यापुढे कधी त्याच्यापुढे मान तुकवून, पण असीरगड आणि तापीचे उतार हातचे न सोडता. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. शेजारी नदी. मी गेलो तेव्हा एका घुमटाच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. नासीरखानाने तापीकाठी वसवलेलं बऱ्हाणपूर पुढे मोगलांचं दख्खनेतलं ठाणं झालं. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहितो की बऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, मस्कोव्ही आणि पोलंडपर्यंत जातं. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असंही त्याने लिहून ठेवलं आहे.

हा झाला वाटेचा थाट. तिचं दुसरं तोंडही सांगायला हवं. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडी नावाचा इंग्रज याच रस्त्याने सुरतेहून निघाला आणि त्याला मुक्कामाला तंबू ठोकायला प्रेतांविना जागा मिळेना. त्याच वेळी शहाजहानची फौज बऱ्हाणपुरात तळ देऊन बसली होती. फौज असते तिथे धान्य आधी तिच्याकडे जातं. पोलंडला कापड पोचवणाऱ्या रस्त्याने शिंदखेड्याच्या माणसाला भाकरी पोचवली नाही.

भाषेचं इथेच आटपतो. आमच्या बोलीत, अहिराणीत, ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. गुजरातीत ‘छे’. ‘तुझं नाव काय आहे’ला आम्ही म्हणू ‘तुनं नाव काय शे’. हे ‘ना-नी-नं’ही गुजरातीच्या वळणाचं. म्हणून ती गुजराती होत नाही, आणि मराठीची बिघडलेली आवृत्तीही नाही. अभीर म्हणजे अहिर या जुन्या लोकांच्या नावावरून तिचं नाव आलं असं मानतात, आणि त्यानंतर त्या वाटेवरून जे जे गेले त्यांचं थोडं थोडं तिच्या अंगाला लागलं. आमच्या वरणबट्टीला सातपुड्यापलीकडे दाल-बाटी म्हणतात, त्यावर कुणी भांडत नाही. भाषेवरच का भांडायचं?

आता इंग्रज. त्यांना मी धरणगावातूनच बघतो, कारण ते आमच्याकडे राजे म्हणून यायच्या आधी गिऱ्हाईक म्हणून आले. १६७४ च्या सुमारास त्यांची कापडाची वखार धरणगावला होती. लगेच पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटलं. शाळेत हा धडा शिकवताना आमचे गुरुजी अडखळायचे. महाराज आपले, पण लुटलेलं गावही आपलंच. शेवटी ते म्हणायचे, "वखार इंग्रजांची होती ना, मग झालं." पेठ मोठी असली की लूटही तिचीच होते, हे साधं कारण त्यांना सांगवत नसे.

पेशवाईच्या शेवटी इथे बेबंदशाही झाली. १८०३ चा दुष्काळ, होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढारी. गावंच्या गावं उठली. १८१८ मध्ये इंग्रजांनी मुलूख घेतला तेव्हा थाळनेरच्या किल्ल्याने गोळी चालवली, म्हणून किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला येऊन बसला. डोंगरातल्या भिल्ल नाईकांचे घाटराखणीचे जुने हक्क होते, वाटसरूंकडून ठराविक घ्यायचे आणि वाट सांभाळायची. नव्या सरकारच्या लेखी त्यांतले पुष्कळजण दरोडेखोर ठरले. मग १८२५ मध्ये आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच भिल्लांना गणवेश चढवून भिल्ल कोअर उभी केली, ठाणं धरणगाव. भिल्लांना धरायला भिल्ल. १८५७ मध्ये खाज्या नाईक उठला, तो आधी याच सरकारसाठी सेंधव्याचा घाट राखत होता. राखणदाराला लुटारू आणि लुटाऱ्याला शिपाई करायची ही जादू इंग्रजांची खास, आणि ती त्यांच्याबरोबर गेली असं मला तरी दिसत नाही.

१८५२ ची गोष्ट मात्र आमच्याकडेही थोड्यांना माहीत आहे. जमिनीची मोजणी सुरू झाली. साखळी घेऊन मोजणीदार सावदा, फैजपूर, यावल, एरंडोलकडे फिरू लागले आणि हजारो शेतकरी जमून उभे राहिले: मोजणी नको. विंगेट नावाचा अधिकारी कामावर होता, त्याला आणि त्याच्या माणसांना लोकांनी सावद्यात घेरलं. पलटण बोलवावी लागली. वरवर बघितलं तर वेडेपणा वाटतो, मोजणीने काय बिघडतं? पण त्या लोकांना बरोबर कळलं होतं. मोजलेलं शेत कागदावर येतं, कागदावरचं शेत एका नावाचं होतं, आणि एका नावाचं शेत गहाण पडतं. पुढची साठ-सत्तर वर्षं सावकाराच्या चोपड्यांत हेच लिहिलं गेलं. तुम्ही म्हणता ना आखलं, ते हे आखणं. देशाची सीमा फार नंतर आली. पहिली रेघ बांधावर पडली.

आणि मग कापूस. आमचे वडील धरणगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते, तेव्हा हे मी लहानपणी नाकातोंडात घेतलेलं आहे. दसऱ्यानंतर गाड्यांची रांग लागायची. काट्यावर वजन, मग कापूस जिनात, सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला, रुई प्रेसमध्ये दाबून गठाण, गठाणीवर लोखंडी पट्ट्या आणि काळ्या रंगात मार्का. वडील घरी यायचे तेव्हा भुवया आणि पापण्या पांढऱ्या असायच्या, आई त्यांना ओट्यावरच उभं करून उपरण्याने झटकायची. हंगामात त्यांचा जीव एका गोष्टीत असे. मुंबईचा भाव. ट्रंक कॉल लागेपर्यंत गाडीवाल्याला बिडी देऊन बसवून ठेवायचं. ओसरीवर तांब्याभर पाणी आणि सगळ्यांचे कान फोनकडे. आजोबांच्या वेळी मुंबई स्वतः इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या बाजाराकडे कान लावून बसायची, एवढाच फरक.

हे कसं झालं, तर १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर इकडे वळली. त्याच सुमाराला जीआयपी रेल्वे कंपनीचे रूळ खान्देशात येत होते. १८६५ मध्ये थळ घाट पुरा झाला, १८६७ मध्ये भुसावळहून फाटा नागपूरला भिडला, १८७० मध्ये जबलपूरला दोन्हीकडचे रूळ जुळून मुंबई-कलकत्ता गाडी भुसावळवरून धावू लागली. भुसावळ नावाचं खेडं जंक्शन झालं. जळगाव कापसाची पेठ झाली. आणि थाळनेर? थाळनेर ओस पडलं. रूळ तिथून गेले नाहीत. सतरा-अठराशे वर्षं आमचं तोंड सुरतेकडे होतं, ते वीस वर्षांत मुंबईकडे वळलं. १९०० च्या आसपास सुरतेहून तापी काठाने रेल्वे आली, जवळजवळ ताव्हर्नियेच्याच वाटेने, ती धरणगावावरून जाते. पण तोवर भाव मुंबईत ठरू लागला होता.

तेव्हा इंग्रजांनी बनवलं का, याला माझं उत्तर असं: कागद कोरा नव्हता. वाट होती, पेठा होत्या, जकात घेणारे होते, पळीभर तेल देणारे होते. त्यांनी माल कुठल्या बाजूला वाहायचा ते बदललं, आणि भाव कुठे ठरायचा ते. पाटणच्या पेठेतला पैसा निदान काही अंशी पाटणच्या मठात फिरत होता. जळगावच्या गठाणीचा पैसा कुठे फिरला त्यासाठी लँकेशायर बघून यावं लागेल.

आणि ज्यांना त्यांनी असं एका दोरीत ओवलं, ते त्या दोरीनेच एकमेकांना सापडले. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं ते फैजपूरला, अध्यक्ष जवाहरलाल. नंदलाल बोसांनी बांबू आणि चटयांची सजावट केली होती. त्या अधिवेशनात शेतसारा आणि शेतकऱ्याच्या कर्जाबद्दलचा कार्यक्रम मंजूर झाला. फैजपूर! चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी मोजणीची साखळी अडवणारं तेच गाव. तिथे बाहेरून आलेली माणसं त्याच रुळांवरून आली होती. आणि ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले, ती बहुतेक पेठेतल्या गुजरातीभाषक घरांतली पोरं. तोंडात घोषणा गुजरातीत. आज त्यांचं स्मारक महाराष्ट्रात आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. खान्देशातल्या माणसाला तर मुळीच नाही.

स्वातंत्र्यानंतर रेघा पुसल्या गेल्या नाहीत, त्यांना शाई चढली. मालेगाव-बागलाण १८६९ लाच नाशकाला गेलेलं, ते तिकडेच राहिलं. बऱ्हाणपूर इंग्रजांनी निमाडाला जोडलं होतं, ते मध्य प्रदेशात राहिलं. म्हणजे फारुकींच्या ज्या गादीमुळे आम्ही खान्देशी, ती खान्देशाबाहेर. डांग वर्षानुवर्षं खानदेशच्या कलेक्टराकडे होतं, ते १९६० ला गुजरातेत गेलं. नवापूरला स्टेशनावर एक बाक आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकावर मधोमध रेघ रंगवलेली आहे. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तर तिकडे, घोषणा चार भाषांत. लोक तिथे फोटो काढतात. मी बसलो तेव्हा शेजारी एक म्हातारी मावशी बोचकं रेघेवर ठेवून बसली होती. मी तिला म्हटलं, तुझं सामान दोन राज्यांत आहे. ती म्हणाली, "गाडी कवय ये?"

दाखल्याचं राहिलंच. चौथ्या खेपेला दुसऱ्या खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी नाव वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "धरणगावात कुठे?" त्या अमळनेरच्या निघाल्या. पाच मिनिटांत काम झालं. आता याला भ्रष्टाचार म्हणायचं की प्रादेशिक अस्मिता, तुम्हीच ठरवा.

रावेरला माझा मावसभाऊ आहे, केळीवाला. महाराष्ट्रातली जमीन, महाराष्ट्रातलं पाणी, माल ट्रकने जातो दिल्लीला. रोज त्याला पहिलं बघायचं असतं ते बऱ्हाणपूरच्या लिलावात केळीचा भाव काय निघाला. आपल्याकडे बाजार समिती आहे, तीही भाव काढते, पण बागेत उभा असलेला व्यापारी बोलतो तो बऱ्हाणपूरच्या हिशेबाने, एवढे वर नाहीतर एवढे खाली. मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे होतो. बागेत घड उतरवून पानांवर मांडून ठेवले होते, मजूर खोळंबले होते, आणि तो बांधावर मोबाईल वर धरून रेंज शोधत होता.

"काय रे, काय निघालं?"

"थांब ना भाऊ. बऱ्हाणपूर अजून आलं नाही."